ताराबाई आणि नवखी शिक्षिका

जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे मुलांच्या वह्या-पुस्तकांविषयी, गणवेषांविषयी आणि प्रवेशासाठी लागलेल्या रांगांविषयी बरेच लिहिले जाते. त्याच आठवड्यात आयुष्यात प्रथमच शिक्षक म्हणून वर्गात पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. अध्यापक विद्यालयातून ही मंडळी पदविका घेऊन आलेली असतात. ठरलेल्या संख्येइतके सराव पाठ त्यांनी दिलेले असतात, प्रत्येक पाठाचे टाचण सुवाच्य अक्षरात काढलेले असते, आणि पाठ तपासणारे प्राध्यापक मागील बाकावर बसलेले असल्यामुळे त्या तासाला मुलेही गप्प बसलेली असतात. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी मागील बाकावर कोणी प्राध्यापक नसतो. हजेरीपट हाती दिला जातो, वर्ग दाखविला जातो आणि दार लोटून घेतले जाते. वैद्यकाचा नवा पदवीधर वर्षभर रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतो. नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करतो. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग तेवढा पहिल्या दिवसापासून संपूर्णपणे नवख्याच्या स्वाधीन केला जातो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षण सेवकाची पद्धत सुरू झाली. नव्याने नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करावे आणि मग त्याला नियमित वेतनश्रेणी मिळावी, अशी ही योजना. २०२३ साली हे मानधन प्राथमिक शाळेसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. या योजनेची चर्चा होते ती सदैव रुपयांची होते, आणि ज्याला घर चालवायचे आहे त्याच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. पण ही तीन वर्षे शिकण्याची मानली असतील, तर शिकविणारा कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. उमेदवारीतले कमी वेतन शासनाने घेतले. उमेदवारीतला गुरू मात्र दिला नाही.

या प्रश्नाशी एका मराठी स्त्रीने सुमारे अर्धशतक झुंज घेतली. ताराबाई मोडक यांचे नाव आज बालवाडीच्या संदर्भात घेतले जाते आणि तेही बहुधा अध्यापक विद्यालयाच्या परीक्षेपुरते. त्यांनी मुलांसाठी जे केले ते थोर होतेच. परंतु त्यांच्या आयुष्याचा क्रम जरा निरखून पाहिला, तर त्यांचा अधिक वेळ आणि अधिक कष्ट मुलांना शिकविणाऱ्या माणसांवर खर्च झालेले दिसतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, एक कन्या झाली. पण संसार टिकला नाही आणि १९२१ साली घटस्फोट झाला. घटस्फोटित स्त्रीकडे तो काळ कोणत्या नजरेने पाहत होता ते सांगावयास नको. स्वतःच्या पायावर उभे राहणे ही त्यांची निकड होती, आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाने ती भागली. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

मान, वेतन आणि स्थैर्य या तिन्ही गोष्टी या पदात होत्या. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, पण लहान मुलांच्या शिक्षणाचे नवे शास्त्र अजून त्यांच्या गाठीशी यायचे होते. आपल्याकडील प्रशिक्षण संस्थांचे हे दुखणे तसे जुनेच आहे. जो शिकविण्याच्या रीती सांगतो त्याचा आणि लहान मुलांचा संबंध तुटलेला असतो, आणि ज्याचा मुलांशी रोजचा संबंध असतो त्याला रीती सांगण्यासाठी कोणी बोलावीत नाही. ताराबाईंचा वेगळेपणा असा की, ही उणीव त्यांनी खुर्चीच्या आड लपविली नाही. तेथून जवळच, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस लहान मुलांसाठी काही निराळेच करीत असल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ च्या सुमारास भावनगरची वाट धरली.

गिजुभाई स्वतः अध्यापक विद्यालयाची पायरी न चढलेले गृहस्थ. वढवाणला वकिली करीत होते. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या विचाराने माँटेसरीबाईंचे ग्रंथ हाती घेतले आणि त्या वाचनाने त्यांची वकिलीच सुटली. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. मोठ्या मिशांच्या या माणसाला मुले मूछाळी मा, म्हणजे मिशाळ आई, म्हणत. माँटेसरीबाईंची साधने त्यांनी घेतली. परंतु कथा, गाणी, नाटक आणि नाच यांना बालमंदिरात जे स्थान त्यांनी दिले, ते मूळ पद्धतीत तितके नव्हते. परकीय पद्धती जशीच्या तशी उचलण्यापेक्षा तिला आपल्या अंगणात रुजविणे अधिक कठीण असते. ताराबाईंना हा धडा येथे मिळाला, आणि तो कोणत्याही व्याख्यानातून मिळालेला नव्हता. मिळाला तो रोज सकाळी एका अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून, तो मुलांकडे कसे पाहतो हे पाहण्यातून. पदवीधर आणि माजी प्राचार्या असलेली तिशीची स्त्री पुन्हा उमेदवार झाली. आपल्या समाजात पदाची एक पायरी खाली उतरणे हे अपमानाचे लक्षण समजले जाते. ताराबाईंनी ते केले नसते तर महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास बराच वेगळा झाला असता.

काही वर्षांत त्या गिजुभाईंच्या बरोबरीच्या सहकारी बनल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका निघू लागली. भावनगरचे अध्यापन मंदिर हे या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हटले पाहिजे. बालमंदिराला लागूनच शिक्षकांचे हे शिक्षण चाले. शिकाऊ शिक्षकाला आधी मुलांचे निरीक्षण करावयाचे असे. मूल काय करते, कोठे थांबते, कशाला कंटाळते, हे हात न लावता पाहावयाचे असे. पाठ देणारा कमी आणि पाहणारा अधिक, असा हा उलटा क्रम होता. आजही अध्यापक विद्यालयांत निरीक्षणाचा तास असतो. परंतु तो दुसऱ्या छात्राध्यापकाने दिलेल्या पाठाच्या निरीक्षणाचा असतो. मुलांचे निरीक्षण आणि पाठाचे निरीक्षण या दोहोंत जे अंतर आहे, ते लहान नाही.

सुमारे नऊ वर्षांनंतर ताराबाई मुंबईस परतल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले, आणि तेथेही बालमंदिराबरोबर शिक्षिकांचे वर्ग आलेच. येथून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी शहरोशहरी बालमंदिरे काढली. १९३९ साली गिजुभाई निवर्तले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला. योगायोगाने त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि युद्धामुळे येथेच अडकून पडल्या. त्यांच्या वर्गांमुळे या पद्धतीला सुशिक्षितांत प्रतिष्ठा मिळाली. प्रतिष्ठेबरोबर दुसरीही एक गोष्ट आली. बालमंदिर हे पांढरपेशा वस्तीचे भूषण झाले. सुतारकामातून घडविलेली ती रेखीव साधने, ती छोटी टेबले आणि फी भरू शकणारे पालक यांच्यावाचून बालशिक्षण होत नाही, असा समज रूढ होऊ लागला. दादरमध्ये यशस्वी झालेल्या कार्यकर्तीला या समजावर सुखाने जगता आले असते.

१९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्या भागातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते; ज्यांची मुले शाळेत आणावयाची त्यांचे स्वतःचे शरीरही त्यांच्या मालकीचे नव्हते, अशी तेथील स्थिती. येथे दादरचा कोणताही नियम चालणारा नव्हता. म्हणून नवी शिक्षिका घडविण्याचा प्रश्न येथे प्रथम त्याच्या खऱ्या स्वरूपात उभा राहिला. शहरात तयार झालेली शिक्षिका येथे आणून काय करणार?

याचे उत्तर ज्या व्यक्तीच्या रूपाने मिळाले, तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. बालपणीच लग्न झाले आणि तेराव्या वर्षी वैधव्य आले. त्या शिकल्या, प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण १९२९ साली पुरे केले, नाशिक जिल्ह्यातील खेड्यात शिकविले, पुढे पुण्यास हुजूरपागेत अनेक वर्षे नोकरी केली आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये कस्तुरबा स्मारक निधीच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते आणि शिकविण्याचा अनुभव पंधरा वर्षांचा. प्रमाणपत्र होते, अनुभव होता. आजच्या नियमांनी पाहिले तर त्यांना शिकविण्याजोगे काही उरले नव्हते. तरीही बोर्डीला त्या नवख्याच होत्या. कारण शिक्षक नवखा असतो तो काही वयाने नसतो, तो ज्या मुलांपुढे उभा आहे त्यांना ओळखत नसल्यामुळे नवखा असतो. हुजूरपागेतील मुली घंटा होताच वर्गात येऊन बसत. बोर्डीच्या हरिजनवाड्यातील मुलांनी बालवाडीचा उंबरा ओलांडावा, हेच मुळी अवघड होते.

मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या वस्तीत जावे, असे ठरले. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना येथे जन्मली. शिक्षिका वस्तीवर जाई, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेई, मुलांची नखे काढी, केस विंचरी, त्यांना आंघोळ घाली आणि मग गाणी-गोष्टी होत. शिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती, काटक्या हीच साधने. गणित शिंपल्यांनी होते आणि रंगांची ओळख फुलापानांनी होते, हे एकदा पटल्यावर शहरी साधनांचा खर्च आपोआप गळून पडला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर या पद्धतीत भांडवली खर्च नगण्य होता आणि जवळजवळ सारी गुंतवणूक माणसात होती. म्हणूनच ते माणूस घडविण्यात कसूर करून चालण्यासारखे नव्हते. लाकडी साधन सदोष निघाले तर बदलता येते. केवळ शिंपल्यांवर चालणाऱ्या शाळेत शिक्षिकाच सदोष निघाली तर मागे काहीच शिल्लक राहत नाही.

ताराबाईंनी हे काम दुरून चालविले नाही. त्या स्वतः तेथे राहिल्या आणि अनुताई त्यांच्याबरोबर राहिल्या. हे साहचर्य १९४५ पासून ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे टिकले. नव्या शिक्षकाला मार्गदर्शक असावा असे म्हणणाऱ्या योजना बहुधा एका वर्षाचा विचार करतात आणि महिन्यातून एखादी भेट पुरे मानतात. ताराबाई आणि अनुताई यांच्यातील नाते गुरुकुलातले होते असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती तुलना तितकीशी बरोबर नाही. गुरुकुलात शिष्य गुरूचे ज्ञान घेतो. येथे दोघींपुढे एक असा प्रश्न होता, ज्याचे उत्तर गुरूलाही ठाऊक नव्हते. वडीलकीचा मान होता, मतभेदही झाले असतील. परंतु अंगणात दोघीही शिकतच होत्या.

पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे वारल्यांची विखुरलेली वस्ती. मुले बालवाडीत किंवा शाळेत का येत नाहीत, याचे कारण पालकांच्या अज्ञानात शोधणे ही शिकलेल्या माणसांची आवडती सवय आहे. कोसबाडला ते हिशेबात सापडले. आठ वर्षांची मुलगी शाळेत आली तर तान्ह्या भावंडाला कोण सांभाळणार? दहा वर्षांचा मुलगा वर्गात बसला तर गुरे कोण राखणार? मुलाचे श्रम घराच्या जमाखर्चात धरलेले होते; शाळा फुकट असली तरी ती त्या घराला महागच पडत होती. विकासवाडी या योजनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली, म्हणजे ताई शाळेत बसली की कडेवरचे भावंड शेजारीच राही. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली; मुले गुरांमागे जात आणि शिक्षक मुलांमागे.

या रचनेचा शिक्षकांवर झालेला परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. पाळणाघरातील बाई, बालवाडीची बाई आणि पहिलीचे गुरुजी एकाच आवारात काम करू लागले की, नवख्याला दिवसभर कोणीतरी जाणते माणूस डोळ्यांसमोर असते. पहिलीच्या गुरुजींना त्यांच्याकडे पुढील वर्षी येणारे मूल आज काय करते आहे ते दिसते. आपल्या बहुसंख्य शाळांत याच्या उलट घडते. चार भिंती शिक्षकाला जितके एकाकी करतात तितके त्या मुलाला करीत नाहीत. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षणही याच मुलांच्या सान्निध्यात होत असे. पाहण्याचे, करण्याचे आणि चुकण्याचे ठिकाण एकच होते. राजकोटच्या प्रशिक्षण महाविद्यालयापासून सुरू झालेला हा प्रवास पाहिला तर ताराबाई शिक्षिकांचे शिक्षण दर टप्प्याला मुलाच्या अधिक जवळ नेत गेल्याचे दिसते: आधी बालमंदिराशेजारी, मग वस्तीच्या अंगणात, शेवटी थेट कुरणात.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याविषयी आदराने लिहिताना एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. कोसबाडसारखी केंद्रे शेकड्यांनी निघाली नाहीत. ज्या पद्धतीत एका जाणत्या व्यक्तीने वर्षानुवर्षे नवख्यांबरोबर राहावयाचे, ती पद्धती शासकीय आदेशाने एका आर्थिक वर्षात राज्यभर पसरविता येत नाही. ताराबाईंच्या वाट्याला अनुताई आल्या, हा काही प्रमाणात भाग्याचाही भाग होता, आणि भाग्यावर अंदाजपत्रक तयार होत नाही. ही टीका रास्त आहे. परंतु तिचा निष्कर्ष असा काढला गेला की, साथ देणारा माणूस वगळावा आणि बाकीची योजना उचलावी.

घडलेही तसेच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि बोर्डीचा शब्द, अंगणवाडी, साऱ्या देशाचा झाला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांत या योजनेने केलेले काम उपेक्षणीय नाही. पण अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला आली ती थोड्या आठवड्यांची प्रशिक्षणे आणि वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका. ही पर्यवेक्षिका गावात येते तेव्हा तिच्याजवळ भरावयाचे तक्ते असतात, तपासावयाच्या नोंदवह्या असतात. मुलांत बसून एखादी गोष्ट सांगून दाखवावी, इतका वेळ तिच्या फेरीत मुळात धरलेलाच नसतो. तपासणी करणारा आणि साथ देणारा ही दोन निराळी माणसे आहेत. प्राथमिक शाळांत केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले तेव्हा दुसऱ्या माणसाची अपेक्षा होती. माहिती गोळा करण्याच्या रगाड्यात त्या पदाचा हळूहळू पहिला माणूस झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शन करण्याच्या राष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख आला आहे, आणि त्याचे स्वागत करावयास हवे. मात्र या मार्गदर्शकाचे स्वतःचे तास कमी करणार काय, आणि त्या तासांचे वेतन कोणत्या शीर्षाखाली खर्ची पडणार, एवढ्या दोन प्रश्नांवरून तिची परीक्षा होईल. वरिष्ठ शिक्षकाचा आठवड्यातील एक दिवस नवख्याच्या वर्गासाठी राखून ठेवणे ही इमारत किंवा संगणक यांच्या मानाने स्वस्त बाब आहे. ती मंजूर होत नाही, कारण तिचे उद्घाटन करता येत नाही.

ताराबाईंच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी चालविले. मधल्या काळात, १९६१ साली, वयाच्या पन्नाशीत त्यांनी पदवी मिळविली होती. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, पुरस्कार मिळाले, व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली. तरी मुक्काम टेकडीवरच होता. १९९२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्या परिसरातील अनेक वाड्या-पाड्यांवर शिकविणाऱ्या बायका त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या होत्या, आणि त्यांतील काहींनी शाळेचे पहिले अक्षरही त्याच टेकडीवर गिरविले होते.